सातव्या दिवशीचा निरोप

मंडालेच्या घरी मामानं फोन आईच्या फोटोसमोर धरला. आमच्याकडे माणूस गेल्यावर सातव्या दिवशी मुलीनं सांगायचं असतं, "तू मोकळी आहेस, जा." त्याशिवाय जीव घर सोडत नाही.

मी पुण्यात, वसतिगृहाच्या जिन्यात उभी होते. परत गेले तर तिथलं सरकार मुलींनाही करतं तशी मला सक्तीनं सैन्यात भरती करेल, एम.ए. अर्धवट राहील. "मी मेले तरी येऊ नकोस," असं आईनंच बजावलं होतं.

"बोल ना पोरी," मामा म्हणाला. "भिक्षू खोळंबलेत. बारानंतर त्यांना जेवता येत नाही."

मला वाटत होतं, तिनं घरातच थांबावं. मी कधीतरी परतेन तेव्हा दार उघडायला कुणीतरी हवं.

"आई, जा," मी कसंबसं पुटपुटले.

"मोठ्यानं बोल गं," मामा म्हणाला. "तिला कमी ऐकू यायचं."