कोरडवाहू राळा

फक्रुद्दीनभाईंनी राळ्याचे कणीस तळहातावर चोळले, फुंकर मारली आणि दाणे दातांखाली धरून पाहिले.

“भरलाय की लेका! आमची कपाशी पार वाळली, आन् तुझा राळा डुलतोय. खरंच थेंबभर पानी न्हाई दिलं?”

गहिनीनाथने मान खाली घातली. बांधावर जमलेल्या शेतकऱ्यांना तो विनय वाटला.

“पेरताना म्या म्हनलो हुतो, चिमण्यांची पंगत मांडतोय ह्यो,” वाल्मिक म्हणाला. “आता मलाच ताट वाढा!”

सगळे हसले.

प्रयोगाची अट एकच होती: पावसाखेरीज पाणी द्यायचे नाही. पीक तगले, तर पुढच्या हंगामात सारी वस्ती कपाशी सोडून राळा पेरणार होती. फक्रुद्दीनभाईंच्या माळावर विहीर नव्हती. गहिनीनाथच्या शब्दावर त्यांचे अख्खे वर्ष उभे राहणार होते.

पण श्रावणात पावसाने ओढ दिली, तेव्हा गहिनीनाथचा धीर सुटला. त्याने विहिरीवरच्या पाइपाचे तोंड राळ्यात नेऊन टाकले. मग तो घरूनच मोटर सुरू करी. कुणी पाहील या धास्तीने त्या रानाकडे फिरकतही नसे. पीक हिरवे राहिले. त्याचे कारण त्याच्या मनात पक्के होते.

“बियानं आमच्यासाठी राखून ठेव,” फक्रुद्दीनभाई म्हणाले. “सगळं रान राळ्याखाली घालतो.”

गहिनीनाथ पुढे झाला.

“नका घालू, भाई. म्या पानी दिलंय. लपून.”

फक्रुद्दीनभाईंनी तळहातावरचे दाणे एकेक करून त्याच्या हातात परत ठेवले.

“पेरायच्या आधी बोललास, हे उपकारच.”

“चला रं,” वाल्मिक म्हणाला, “आपली कपाशीच बरी.”

मंडळी पांगली. कुणी मागे वळून पाहिले नाही.

घरी त्याची बायको मालनबाई गोठ्यात वैरण टाकत होती. तिच्याकडे न पाहताच गहिनीनाथ म्हणाला, “सांगून टाकलं समद्यांना. राळ्याला चोरून पानी दिलं म्हनून.”

“कुनी दिलं?”

“म्याच. पाइप न्हेऊन टाकला हुता की तिकडं.”

मालनबाईचा हात थांबला.

“अवो, राळ्याला पानी द्यायचं न्हाई, असं तुमीच बजावलं हुतं ना? पाइप चुकून तिकडं पडला आसंल, म्हनून म्या पहिल्याच दिवशी वढून म्हशींच्या घासाच्या वाफ्यात सोडला. त्या रानात थेंब न्हाई गेला.”