पाय वाचला

करकचून बांधलेला पट्टा सोडताच हवालदार डोईफोडेच्या मांडीतून रक्ताची चिळकांडी थेट मेजर अनुजा टिल्लूंच्या चष्म्यावर उडाली. बाहेर तोफा धडधडत होत्या. चिंध्या झालेल्या मांसात हात खुपसून त्यांनी तुटलेली धमनी चिमटीत धरली आणि बरणीतली, प्रयोगशाळेत वाढवलेली जिवंत रक्तनळी तिथे सोडली. नळीने जळूसारखी दोन्ही टोकं पकडली. काळानिळा पडलेला पाय बघता बघता गरम झाला.

डोईफोडे शुद्धीवर आला, त्याने पाय चाचपला आणि तो गुरासारखा हंबरला.

"पाय वाचला तुमचा. परवा पुन्हा आघाडीवर," मेजर म्हणाल्या.

"तिसऱ्यांदा परत पाठवताय, मॅडम!"

त्याला पाठीवर घालून आणणारा शितोळे बंकरच्या दारात मुठीत साखर घेऊन उभा होता. पाय गमावून कुणी घरी निघाला, की पलटणीचं तोंड गोड करायची रीतच पडली होती.

"वाचला?" त्याने विचारलं.

"वाचला."

मुठीतली साखर खाली सांडली.

"गोळी मीच घातली होती, मॅडम. पट्टा आवळला आणि पाय मरायची वाट बघत दिवसभर खंदकात बसलो. एकमेकांना गोळी घालायचं ठरलं होतं आमचं, आता माझी पाळी. त्याला म्हणावं, माझ्या वेळी पायावर गोळी वाया घालवू नकोस."