चुकलेल्या गाठी

ज्याच्या मनात द्वेष नाही त्याच्यावर द्वेषाचा आरोप ठेवणे हा अन्याय आहे; आणि तो आरोप रक्ताच्या माणसावर ठेवला असेल, तर त्याचे ओझे ठेवणाऱ्यालाही वाहावे लागते. नवापूरचा चंद्रभान ते ओझे दिवाळीपासून वाहत होता.

थोरल्या भावाने, विश्रामने, विणून दिलेले जाळे भर समुद्रात उसवले होते. मासळी गेली, जाळेही गेले. बापाची होडी धाकट्याकडे आली म्हणून थोरल्याने दावा साधला, असे चंद्रभान चारचौघांत बोलला आणि त्यानंतर भावाशी बोललाच नाही.

आज तो किनाऱ्यावर नवे जाळे विणायला पसरून बसला असता विश्रामची लेक दीपिका बापाला घेऊन आली. दोघे बोईसरच्या डॉक्टरांकडून थेट येत होते. विश्राम जुन्या सवयीने जाळ्यापाशी टेकला आणि त्याने विणायची सुई उचलली.

“काका, बोलू नका हवं तर, पण ऐका,” दीपिका म्हणाली. “बाबांच्या मेंदूत बिघाड हाय. पेशीत प्रथिनं असतात, प्रत्येकाची घडी ठरलेली. ती घडी चुकली की ती एकमेकांना चिकटून बसतात. तरुणपणी पेशी असला कचरा झाडून टाकते. वय झालं की तिला झेपत नाय. मग तो साचतो, विषासारखा भिनतो, नि पेशी मरते. हाताला गाठीचा क्रम सांगणाऱ्या पेशी गेल्यात त्यांच्या. दोन-तीन वर्षं चाललंय, डॉक्टर म्हणाले.”

चंद्रभानचा हात थांबला. “म्हंजे दिवाळीच्या आधीपासून?”

“बरंच आधीपासून.”

“मंग मुद्दाम नाय केलं त्याने?”

“मुद्दाम? त्यांना अजून वाटतं गाठी बरोबरच होत्या. तुमीच जाळं खडकावर घातलंत म्हणतात.”

चंद्रभानला हसू फुटले, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. कित्येक महिन्यांनी त्याची छाती मोकळी झाली होती.

“सुटतो का गं तो गुंता?”

“सुटत नाय, काका. औषधानं दिवस थोडे सोपे जातात, एवढंच.”

तेवढ्यात विश्रामने दोरा ओढून अभिमानाने दाखवला. ती गाठ नव्हतीच. नुसता वेढा होता.

“बघ चंद्या, अशी घालायची. तुला कधी जमलीच नाय.”

“नाय जमली, दादा,” चंद्रभान म्हणाला.

विश्राम पुढच्या गाठीकडे वळला. तो पुढे सरके, तसा धाकटा त्याच्या मागोमाग सरके. सैल वेढा हळूच उचली आणि त्याच जागी पक्की गाठ मारी.

पाणी दूर गेले होते. भरतीला अजून अवकाश होता. तो अवकाश त्या दोघा भावांना पुष्कळ लाभो.