आईच्या मनगटावरचा पट्टा

औलीच्या बर्फाळ उतारावर रेवा चौथ्यांदा पडली आणि खाली उभ्या असलेल्या केतकीच्या उजव्या मनगटात कळ उठली.

"आई, लागलं का गं?" रेवाने वरून विचारलं. पडलेली सगळीच मुलं आपापल्या आयांना हेच विचारत होती.

रेवा चालायला लागली तेव्हापासून तिचं दुखणं केतकीच्या मनगटावरच्या पट्ट्यातून केतकीकडे येत होतं. त्यामुळे मूल न घाबरता शिकतं, स्नोबोर्डसुद्धा. आधीच्या तिन्ही वेळा केतकीने हसून हात हलवला होता. या वेळी कळ थांबेना. तिचा स्वतःचा हात धडधाकट होता, म्हणजे मोडलं होतं ते रेवाचं हाड.

"बस तिथेच! हात मोडलाय तुझा!"

"काहीतरीच! मला मुळीच दुखत नाहीये. तूच भित्री आहेस."

रेवा त्याच हातावर भार देऊन उठू लागली. केतकीला घेरी आली. तिथवर चढून जायला पाच मिनिटं तरी लागली असती.

तिने पट्टा सोडला. मनगट क्षणात शांत झालं.

वरून किंकाळी आली. इतक्या वर्षांत केतकीने ती पहिल्यांदाच ऐकली. रेवा हात छातीशी धरून मटकन खाली बसली, आणि केतकी चढू लागली.