दिवा नको म्हणणारी आजी

"आमच्या गल्लीतले सातही दिवे बंद करा," नाकियिंगी आजी म्हणाली आणि तळलेल्या नाकतोड्यांचा डबा गावाच्या वीजबचत समितीच्या टेबलावर ठेवला.

समितीच्या प्रमुख नाब्बोसाबाई बघतच राहिल्या. सकाळपासून जो येत होता तो आपला दिवा वाचवायलाच. आत्ताच कासुले येऊन गेला होता.

"विहिरीच्या वाटेवरचा दिवा काढू नका, बाई," तो काकुळतीला आला होता. "त्या वाटेनं माझी सासू येते. जावयानं सासूच्या समोर येऊ नये, हे तुम्हाला का सांगायला हवं? उजेड असला की ती लांबूनच दिसते, मग मी केळीत शिरतो. अंधारात धडकलो तर?"

सगळे खो खो हसले. नगरपालिकेचा वायरमन लुबोवा तेवढा हसला नाही. "खरं आहे त्याचं. राहू द्या तो दिवा," तो म्हणाला.

लुबोवा सहा महिन्यांपूर्वी कंपालाहून बदलून आला होता. बायको अजून तिकडेच होती. खांबावर सरसर चढायचा, कधी कुरकुर नाही. बाईंची सगळी भिस्त त्याच्यावर. नोव्हेंबरअखेर गावाची युनिटं उतरली, तर वाचलेली वीज दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या खोलीला मिळणार होती. सध्या तिथली नर्स दातांत बॅटरी धरून बाळंतपणं करायची. आणि बाईंच्या लेकीचे दिवस डिसेंबरातच भरत होते.

"का गं आजी, दिवा का नको?" बाईंनी विचारलं.

"कोंबड्या झोपत नाहीत."

"सातही दिव्यांनी?"

"कोंबड्या पुष्कळ आहेत," आजी म्हणाली.

बाईंनी दिवे बंद करायला सांगण्यासाठी मान वळवली, तर लुबोवा मागच्या दारानं पसार. आजी आली की हे असंच व्हायचं. म्हातारी फार डोकं खात असेल, बाईंना वाटलं.

दिवे बंद झाले. आजी दर आठवड्याला डबा आणू लागली. यंदा नाकतोडे भलतेच आले होते. समितीनं मिटक्या मारल्या आणि आजीचा सत्कारही ठरवला.

महिना सरत आला तेव्हा बाईंनी आकडे पाहिले. सगळीकडची युनिटं उतरली होती. आजीच्या काळोख्या गल्लीची मात्र दुप्पट झाली होती.

"मीटर जुनं आहे, बाई," लुबोवा म्हणाला.

"जुनं मीटर मंद चालतं, पळत नाही. चल, बघू."

"आत्ता? उद्या सकाळी मी एकटाच जाऊन—"

"चल म्हटलं ना!"

तो वाटभर मागे मागे राहिला. वळणावर थांबला, बुटाची नाडी बांधली, ती पुन्हा सोडून बांधली.

गल्लीच्या टोकाला आजीचं घर. बंद दिव्याच्या खांबावरून एक जाड वायर थेट तिच्या छपरावर गेली होती. वर उभे केलेले नवे पत्रे, पत्र्यांसमोर भोपळ्याएवढे चार बल्ब, आणि पत्र्यांखाली पिंपं. उजेडाला झेपावून पत्र्यांवरून घसरलेले हिरवे नाकतोडे पिंपांत काठोकाठ वळवळत होते. आजी पायरीवर सूप घेऊन नाकतोड्यांचे पंख खुडत बसली होती.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "वा गं वा! सगळी गल्ली काळोखात आणि उजेड तुझ्या एकटीच्या छपरावर! मग नाकतोडे जातील कुठे? आणि तिकडे माझ्या लेकीनं अंधारात बाळंत व्हायचं? कुणी जोडून दिली ही वायर?"

"मला म्हातारीला काय कळतंय त्यातलं, बाई? मला साधा बल्बसुद्धा बदलता येत नाही."

"थांब, आत्ताच तोडायला लावते. लुबोवा! ये रे इकडे!"

नाव कानावर पडताच आजीच्या हातातलं सूप खाली पडलं. तिनं घाईघाईनं पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

बाईंनी मागे वळून पाहिलं. वाटेवर नुसती पक्कड पडली होती. लुबोवा केळीत शिरला होता.