पालथं घमेलं

भूमच्या एसटीतून उतरून मी घरी पोचले, तेव्हा आईला अंगणात निजवलं होतं आणि खुराड्यातल्या कोंबड्या एकसारख्या ओरडत होत्या. “मुक्या जिवाला बी कळतंय बघ, मालकीण गेली,” शेजारच्या काकू म्हणाल्या. मला खुराड्याजवळ पाण्याचं घमेलं पालथं घातलेलं दिसलं, त्यावर जंताच्या औषधाची बाटली. कोंबड्यांनी कडू औषध निमूट प्यावं म्हणून आई आदल्या संध्याकाळीच पाणी बंद करायची. या खेपेला ती रात्रीतच गेली. मी घमेल्यात पाणी ओतून औषध कालवलं. “अगं, मढं दारात आन् तुला कोंबड्यांचं सुचतंय व्हय?” “आईनं तहानलेल्या ठेवल्यात, काकू. जरा थांबा.” तिरडी उचलायला वाकलेली माणसं सरळ झाली. मी खुराडं उघडलं. कोंबड्या एकमेकींना ढकलत प्याल्या आणि गप्प झाल्या. आता आईचं कुठलंच काम राहिलं नव्हतं. “उचला,” मी म्हणाले.