रिपोर्ट आल्यावर

रामअवधचं रक्त काढल्यावर सुईला टोपण लावताना ती विद्युल्लता सिस्टरच्या बोटात घुसली. भिवंडीतल्या त्या लूम कामगाराला एड्स निघाला, तसं घरी नवऱ्याने तिचं अंथरूण वेगळं केलं आणि ड्युटीवरच्या बायका तिला टाळून जेवू लागल्या. मग ती डबा घेऊन रामअवधच्याच खाटेवर बसायची. त्यालाही घरी न्यायला कोणी येत नव्हतं. "सिस्टर, रिपोर्ट आया?" असं तो तिच्या रक्ततपासणीबद्दल रोज विचारायचा.

तीन महिन्यांनी तिचा रिपोर्ट चांगला आला. तिने सगळ्यांत आधी त्यालाच सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. ती नेहमीसारखी त्याच्याजवळ बसायला गेली.



रामअवधने पाय पसरून जागा अडवली. "अब नहीं, सिस्टर. आप उधर सबके साथ खाइए."